"बायकांनाही जमेल": स्कूटरच्या विनोदी जाहिरातीत नेमकं काय खटकतं?

फ्लेक्सवाला_सांगली
पाडव्यासाठी एका स्कूटर शोरूमची जाहिरात लिहितोय. लोकल केबलवर ३० सेकंद, तोच आवाज रिक्षाच्या भोंग्यावर आणि विश्रामबागला एक फ्लेक्स. मालकांना हसवणारीच पाहिजे. मसुदा असा:

नवरा: "अगं, ब्रेक कुठला ते तरी माहितेय का?"
बायको: "पायानं थांबवते की!" (धडाम)
निवेदक: "काळजी नको! बायकांनाही जमेल अशी सोपी स्कूटर. पाच हजारांची सूट!"

हिशेबाच्या टेबलावरच्या मॅडम "हे बरं नाही वाटत" एवढंच बोलल्या. मालक म्हणतात, गंमत आहे, कोण मनावर घेतंय. यातलं नक्की काय काढायचं? ते काढल्यावर हसायला काय उरतं? आणि कायद्याचं काही लागतं का?

तिसरी_घंटा
सगळ्यात वाईट आहे तो शेवटचा "ही". "बायकांनाही जमेल" म्हणजे एरवी त्यांना जमत नाही. "ब्रेक कुठला ते तरी" मधला "तरी" तेच काम करतो. नुसत्या पडण्यात काही वावगं नाही, आपटण्यावर लोक कायमच हसत आलेत. पण इथं ती का पडते? रस्ता ओला नाही, समोर म्हैस नाही, घाई नाही. ती बाई आहे, एवढंच कारण मसुद्यात आहे.

आस्की, म्हणजे अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल, ही जाहिरातवाल्यांनीच स्वतःवर नजर ठेवायला काढलेली संस्था. हिनं जून २०२२ मध्ये यावर सूचना काढल्या. त्यात जवळपास तुमचंच उदाहरण आहे: बाईला गाडी पार्क करता येत नाही किंवा पुरुषाला बाळाचा लंगोट बदलता येत नाही, आणि ते बाई किंवा पुरुष असल्यामुळंच, असं सुचवायचं नाही. बाई घर झाडताना दाखवायला बंदी नाही, हे लोक विसरतात. ते काम तिचंच, दुसऱ्या कुणाचं नाही, असं सुचवायला आहे.

शिवाय बिनगिअरची स्कूटर घेणार कोण? मिरजेच्या दवाखान्यात सातच्या ड्युटीला पोचायचं असलेली नर्स तुमचं गिऱ्हाईक आहे. तिलाच वेडी ठरवून तिच्याकडूनच पैसे मागायचे, हे गणित मालकांपुढं मांडा.

कृष्णाकाठ
"शेवटी बायकोच जिंकते असं करा" असा सल्ला कुणीतरी देईलच. केबलवर तो कदाचित चालेल, भोंग्यावर नाही. ताशी १५ किलोमीटरनं जाणारी रिक्षा सेकंदाला चार मीटर पुढं सरकते. बोलणं नीट कळतं ते एकूण चाळीस-पन्नास मीटरच्या पट्ट्यात धरा. म्हणजे दारात उभ्या माणसाला मिळतात दहा-बारा सेकंद, तेही ३० सेकंदांमधले कुठलेही. आधी टोमणा आणि मग कलाटणी अशी रचना केली, तर निम्म्या गल्लीला फक्त टोमणा ऐकू जाणार. त्यामुळं भोंग्यासाठी वेगळा, दहा सेकंदांत पुरा होणारा तुकडा लिहा.

फ्लेक्सवर तर कलाटणीला जागाच नसते. चौकात गाडीवरून जाणारा सहा-सात शब्द वाचतो.

फ्लेक्सवाला_सांगली
मग उलटं केलं तर? बायको शिकवते, नवरा भिंतीवर आपटतो. फिट्टंफाट.

तिसरी_घंटा
उलटं करून बघणं ही चाचणी आहे, इलाज नव्हे. बाईच्या जागी पुरुष घातल्यावर हशा गायब झाला, तर तो विनोद "बाई म्हणजे अशीच" या साच्यावरच उभा होता असं समजायचं. पण उलटा केलेला मसुदा दुसऱ्याच साच्यात अडकतो. स्वयंपाकात धांदल उडालेला नवरा दाखवला की स्वयंपाकघर तिचंच, हे आपोआप सिद्ध होतं.

ब्रिटनमध्ये असा नियम जून २०१९ मध्ये लागू झाला आणि ऑगस्टमध्ये त्याखाली पहिल्या दोन जाहिराती थांबल्या. त्यातली एक फिलाडेल्फिया चीजची: दोन बाप खाण्यात गुंग, आणि बाळ हॉटेलच्या फिरत्या पट्ट्यावरून निघून जातं. गंमत आहे, हा बचाव तिथं टिकला नाही.

जमलेली अदलाबदल बघायची असेल तर कॅडबरीची क्रिकेटची जाहिरात बघा. १९९४ मध्ये मैदानात मुलगी नाचत येते, २०२१ मध्ये मुलगा, आणि खेळतात मुली. दोन्हीत मजा तीच, रखवालदाराला चुकवून बेभान नाचण्याची.

हळद_बाजार
इतकं काटेकोर व्हायचं तर विनोद करूच नये की.

तिसरी_घंटा
करावा, पण "कोण मनावर घेतंय" याचं उत्तर आधी घ्या. थॉमस फोर्ड आणि मार्क फर्ग्युसन या अभ्यासकांनी २००४ मध्ये मांडलं, की असा विनोद कुणाच्या डोक्यात नवा आकस घालत नाही. ज्याच्या मनात तो आधीच आहे, त्याला तो बोलून दाखवायची मुभा देतो. सिग्नलला बाई दिसली की हॉर्न दाबून धरणाऱ्याला तुमची ओळ आयती मिळते.

मिरज_पॅसेंजर
कायद्याचं थोडक्यात. १९८६ चा कायदा स्त्रियांच्या असभ्य चित्रणाचा आहे, तुमचा मसुदा त्यात बसत नाही. केबलचं मात्र वेगळं. १९९४ च्या केबल नियमांतला नियम ७ स्त्रियांची अवमानकारक प्रतिमा उभी करणाऱ्या जाहिरातीला मनाई करतो आणि आस्कीची संहिताही पाळायला लावतो. म्हणजे केबलवाल्यानं नाही म्हटलं तर त्याचं बरोबर. भोंग्याला पोलीस परवानगी घ्या. रात्री १० ते सकाळी ६ बंद.

कृष्णाकाठ
हशा वस्तूवर उभा करा. स्कूटरला डिकी आहे, सांगलीला भडंग आहे:

बाई: "दादा, डिकी भरून भडंग द्या."
दुकानदार: "हे एक किलो... हे दोन... ताई, अजून भरंना व्हय?"
बाई: "हेल्मेट डोक्यावर घेते, मग अजून मावंल."
दुकानदार: "अरे, शटर ओढ रे! माल संपला!"
बाई: "मोठ्या डिकीची स्कूटर. पाडव्याला पाच हजारांची सूट!"

बाईच्या जागी बाप्या घाला, हशा तेवढाच. भोंग्याला शेवटच्या दोन ओळी पुरतात. फ्लेक्सवर: "डिकी भरली नाही. दुकान रिकामं झालं."

रेकॉर्डिंगला जपा. मसुदा चांगला असूनही स्टुडिओत बाईला चिरका, लाडिक आवाज काढायला सांगतात आणि सूट सांगायला भारदस्त पुरुष आणतात. तिचा साधा बोलायचा आवाज ठेवा, आणि आकडा तिच्याच तोंडी राहू दे.