मदत हवी आहे: अर्धांगवायूनंतर हातासाठी आरटीएमएस (डोक्याबाहेरून मेंदूला चुंबकीय स्पंदनं देण्याचा उपचार)
बाबा ६४, मुक्काम गुहागरजवळ. ४ महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका, मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी. चालतात, पण उजवी मूठ मिटते, उघडत नाही. नारळ सोलणं सोडाच, सदऱ्याचं बटणही लागत नाही. फिजिओथेरपी रोज चालू, आरशासमोरचे व्यायामही केले. महिनाभर गाडी अडलीय. डॉक्टरांनी आरटीएमएस सुचवलंय: मेंदूच्या निरोगी बाजूच्या मोटर कॉर्टेक्सवर (हालचाली चालवणारा भाग) १ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला एक स्पंदन, १० सत्रं, लगोलग हाताचे व्यायाम. ती बाजू जरा शांत केली की दुखावलेल्या बाजूला वाव मिळतो, असं त्यांचं म्हणणं. फिट कधी आलेली नाही, पेसमेकर नाही, डोक्यात धातू नाही. (तेल-मालिशीचे सल्ले नकोत, ते घरात भरपूर आहेत.) आरटीएमएससाठी कोल्हापूरला जावं लागेल, रोज घाट चढणं अशक्य, म्हणजे १५ दिवस खोली घेणं आलं. इतक्या उशिरा सुरू करून कुणाच्या माणसाची बोटं उघडली का, आणि सत्रं संपल्यावर तो फरक टिकला का?