सॉफ्टवेअरमधली वाद्यं हार्डवेअरमधून फिरवून आणायची की नाही?

सहकारनगरचा_सूर
मुद्दा मांडतो, मग तुटून पडा. एका प्रायोगिक नाटकाचं पार्श्वसंगीत करतोय, प्रयोग पुण्यात सुदर्शन रंगमंचला. सिंथ, स्ट्रिंग्ज, पेटी, सगळं कॉम्प्युटरमधलं. माझं मत : मिक्सच्या आधी प्रत्येक ट्रॅक एकदा बाहेर काढावाच. इंटरफेसच्या (कॉम्प्युटरचा आवाज आत-बाहेर नेणारा डबा) लाइन आउटमधून ट्रान्सफॉर्मरवाल्या प्रीअँपमध्ये (सिग्नल मोठा करणारं यंत्र), तिथून कॉम्प्रेसरमध्ये (मोठे आवाज दाबणारं यंत्र), आणि परत आत. ट्रान्सफॉर्मर जरा ताणला की हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर, वाढतात, टोकदार ठोके थोडे बोथट होतात. गायिकेचा आवाज खोलीतून, माइकातून, प्रीअँपमधून आलाय. शेजारच्या स्ट्रिंग्जना वाराही लागलेला नाही. त्या वेगळ्या पडणारच. प्लगइननं, म्हणजे कॉम्प्युटरमधल्याच इफेक्टनं, हेच होतं म्हणणाऱ्यांनी कान दाखवून यावेत.

नल_टेस्ट
कान शाबूत आहेत. तुम्ही आधी लेव्हल जुळवा. बाहेरून आलेला ट्रॅक एखादा डेसिबल मोठा असला तरी तोच 'उबदार' वाटतो, आणि प्रीअँपचा नॉब फिरवताना आपण नेमकं तेच करत असतो. आणि तुमची पेटी सॅम्पल्ड आहे ना? म्हणजे कुणीतरी खऱ्या पेटीसमोर माइक लावून, प्रीअँपमधूनच ती घेतली. तळलेली भजी परत कढईत कशाला?

सहकारनगरचा_सूर
सॅम्पलमध्ये प्रत्येक सूर सुटा रेकॉर्ड झालेला असतो. तीन सूर एकत्र धरले तरी ते एका यंत्रातून एकत्र गेलेले नसतात. बाहेरच्या प्रीअँपमधून ते सोबत जातात, एकमेकांत गुंततात, इंटरमॉड्युलेशन होतं, म्हणजे त्यांच्या बेरीज-वजाबाकीचे नवे सूर निघतात. कॉम्प्रेसरही सगळ्यांना मिळून दाबतो. हे सुट्या रेकॉर्डिंगमध्ये कुठून येणार?

नल_टेस्ट
बरोबर, पण ते सॅचुरेशनचं (सिग्नल असाच ताणणारं) प्लगइन ट्रॅकवर लावलं तरी होतं. तुम्ही जे सिद्ध केलंत ते 'एकत्र प्रक्रिया हवी' एवढंच. 'तार हवी', म्हणजे बाहेरचं यंत्रच हवं, हे नाही.

वरच्या_पट्टीत
एका ठिकाणी तार जिंकते. ४८ किलोहर्ट्झच्या (सेकंदाला ४८ हजार नमुने) सेशनमध्ये १० किलोहर्ट्झचा सूर डिस्टॉर्ट केला की तिसरा हार्मोनिक ३० ला जातो. डिजिटलमध्ये त्याच्या निम्म्याच्या, म्हणजे २४ च्या वर जागाच नाही, म्हणून तो दुमडून १८ वर येऊन बसतो, मूळ सुराशी काहीही नातं नसलेला. अॅनालॉगमध्ये तो ३०लाच राहतो, परत आत येताना कन्व्हर्टरचा फिल्टर गाळून टाकतो. प्लगइनचं ओव्हरसँपलिंग (आतल्या आत जास्त नमुने घेणं) चालू केलं की हा त्रास बराच जातो, फक्त लॅपटॉपचा पंखा ओरडायला लागतो. सिंथ जोरात चिरडायचा असेल तर बाहेर काढा. संथ स्ट्रिंग्जसाठी एवढा खटाटोप मी तरी करणार नाही.

भात्याचा_माणूस
पेटीचं दुखणं प्रीअँपमध्ये नाहीच, भात्यात आहे. पट्टी हळू दाबली काय, जोरात दाबली काय, पेटीला फरक पडत नाही. आवाजाची चढउतार भाता करतो. तुम्ही कीबोर्डवर व्हेलॉसिटीनं, म्हणजे पट्टी दाबायच्या जोरानं, वाजवता आणि मग निर्जीव वाटते म्हणून ट्रान्सफॉर्मर शोधता! एक्स्प्रेशन पेडल सीसी ११ ला (आवाजाची चढउतार करणारा कंट्रोल) जोडा, पाय भात्यासारखा चालवा, सूर सुटण्याआधी जरा दम कमी करा. त्याहून बरं, खरा पेटीवादक बोलवा. १९५३ पासून सवाई भरतंय त्या गावात पेटीवाला मिळत नाही म्हणू नका. मानधन मात्र वेळेवर द्या.

तापकीर_गल्ली
वाद घाला, पण आधी जोडणी नीट करा. इंटरफेसचं +४ डीबीयू (लाइन आउटची लेव्हल) म्हणजे १.२३ व्होल्ट. गिटारच्या पेडलला इतकं नको असतं, शिवाय त्याला हाय इम्पीडन्स लागतो, म्हणून मध्ये रीअँप बॉक्स घाला. ५० हर्ट्झची गुणगुण आली तर लॅपटॉप आणि रॅक एकाच बोर्डावर घ्या, केबल बॅलन्स्ड वापरा, नाहीतर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. अर्थिंगची पिन काढायचा शहाणपणा कुणी करू नये, जिवावर बेतेल. आणि बाहेरचा आवाज मूळ ट्रॅकसोबत मिसळणार असाल तर लेटन्सी (बाहेर फिरून यायला लागलेला उशीर) मोजून भरून काढा. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी रीइन्सर्ट प्लगइनचा पिंग आहे. एक मिलिसेकंद राहिला तरी ५०० हर्ट्झला खड्डा पडतो आणि मग लोक त्यालाच 'अॅनालॉग कॅरेक्टर' म्हणत फिरतात.

नल_टेस्ट
हे राहिलंच होतं. आणि रंगीत तालमीला गायिका म्हणाली, 'काळी दोनमध्ये घसा ताणतोय, पांढरी दोन घेऊ', मग? बाहेरून काढलेले सगळे ट्रॅक वाया. परत पहिल्यापासून, तेही रिअल टाइममध्ये, नॉब कुठे होते ते आठवत.

सहकारनगरचा_सूर
नॉबचे फोटो काढतो मी. मिडीही (कुठला सूर कधी वाजला याची नोंद) जपून ठेवतो. पट्टी बदलली तर एक संध्याकाळ जाईल, जाऊ दे.
भात्याचा_माणूस, पेटीपुरतं तुमचं ऐकतो, वादक बोलावतो. सिंथ आणि बास मात्र बाहेरूनच जाणार. नल_टेस्ट, दोन्ही फाइली लेव्हल जुळवून, नाव न घालता टाकतो. ओळखून दाखवा.

नल_टेस्ट
टाका. वेव्ह टाका, व्हॉट्सअॅपवरून फिरून आलेली नको. आणि एकच फाइल दोनदा टाकायचा पुणेरीपणा करणार असाल तर तेही चालेल, मजा येईल.