१६२१ चा जर्मनीतल्या ब्रुन्सविकचा ग्रोशन (चांदीचं छोटं नाणं): मशीनवर चांदी ६२ टक्के, कडेला तांबं. खोटा आहे का?

मिरजकर:
नाणं १६ मिमी, वजन ०.८२ ग्रॅम. एका बाजूला क्रूसवाला गोल, गोलात २४, क्रूसाच्या दोन अंगांना २ आणि १. दुसरीकडे ढाल, कडेनं ड्यूक फ्रीडरिष उलरिषचं तुटक नाव नि ‘डक्स’ (लॅटिनमध्ये ड्यूक). सांगलीत सराफ कट्ट्यावर मशीननं चांदी ६२ टक्के दाखवली. पीतांबरीनं साफ करून पाहू का?

जुनी_टाकसाळ:
पीतांबरी नको, चिंचही नको. वरचा पापुद्रा गेला की नाणं संपलं.

२४ म्हणजे थालर या मोठ्या चांदीच्या नाण्याचा चोविसावा भाग, २-१ म्हणजे १६२१. आता हिशेब करा. थालर २९.२३ ग्रॅमचा, त्यात शुद्ध चांदी साधारण २५.९८ ग्रॅम. चोविसावा भाग १.०८ ग्रॅम. तुमचं अख्खं नाणं शुद्ध चांदीचं धरलं तरी पाव हिस्सा कमीच भरतं! कडेची अक्षरं शाबूत असतील तर ही झीज नव्हे, टाकसाळीतूनच हलकं निघालंय. तीस वर्षांचं युद्ध १६१८ ला पेटलं, सैन्याला पैसा हवा होता. जुनी जड नाणी तराजूवर वेचून मुशीत जात आणि त्यातून तांबं घातलेली जास्त नाणी पडत. १६१९ ते १६२३ चा हा काळ ‘किप्पर-विप्पर’ म्हणून ओळखला जातो. त्यामुळे तांबूस कड ही खोटेपणाची खूण धरू नका.

विटा_मूस:
मशीनच्या आकड्यावर जाऊ नका, ती फक्त वरचा थर वाचते. कमअस्सल चकत्या ठोकण्याआधी आंबट-खारट पाण्यात उकळत. वरचं तांबं विरघळून चांदीची साय उरे. आपल्याकडे दागिना उजळतात तसंच. आतला कस ६२ पेक्षा बराच खाली असणार. कसोटीवर घासू नका, पहिली रेघ सायीचीच उमटते आणि कड कायमची बिघडते.

मिरजकर:
मग पाण्यात तोलून कस काढू का?

विटा_मूस:
सराफाच्या ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर नको. ०.८२ ग्रॅम शुद्ध चांदी ०.०७८ ग्रॅम पाणी सारते, तेवढंच तांबं ०.०९२. फरक जेमतेम १४ मिलिग्रॅम. मिलिग्रॅमचा काटा घ्या, डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका आणि नाणं बारीक दोऱ्यानं टांगा. एक बुडबुडा चिकटला तरी आकडा फसतो. पाच वेळा मोजून सरासरी काढा.

जुनी_टाकसाळ:
ठेवताना मऊ पीव्हीसीचा अल्बम टाळा, त्यानं हिरवा चिकटा धरतो. पावसाळ्यात डबीत सिलिका जेल हवंच.