‘प्रतिकारशक्ती वाढवणारं औषध’ म्हणावं का?

मी कर्करोगाच्या इम्युनोथेरपीच्या ट्रायलमध्ये डॉक्टर आहे. संमतिपत्र समजावून सांगायचं, पुढचा डोस द्यायचा की थांबायचं ते ठरवायचं, गंभीर काही घडलं तर २४ तासांत वर कळवायचं, हे रोजचं काम. त्यातला एक शब्द मला छळतोय.

आमच्या मराठी माहितीपत्रकात लिहिलं होतं, ‘शरीराची रोगप्रतिकारशक्ती वाढवणारे औषध’. मीही तसंच सांगायचे. मग एक शेतकरी काका तिसऱ्या डोसनंतर पाच दिवस जुलाब अंगावर काढून आले. डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी. फोन का केला नाहीत, तर म्हणाले, “ताकदीचं औषध हाय ना मॅडम, अंगात मुरताना जरा गरम पडणारच.” त्यांची काही चूक नव्हती. ‘शक्ती’ हा शब्द मीच त्यांच्या हातात दिला होता.

शक्ती वाढवायची म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांपुढे सलाईन, टॉनिक, काढा येतो. ताकदीचं औषध आतड्याला सूज आणू शकेल हे कुणाच्या मनातही येत नाही. आणि मुळात हे औषध शक्ती वाढवत नाहीच. आपल्या टी पेशींवर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींवर, पीडी-१ नावाचा एक ब्रेक असतो. कर्करोगाच्या गाठी बऱ्याचदा तोच दाबून धरतात. औषध तो दाब अडवतं, पेशी कामाला लागतात. पण मग त्या कधी आतडं, कधी फुप्फुस, कधी थायरॉइड यांच्यावरही उठतात. हे सगळं पोचवणारा मराठी शब्द कोणता?

संमतिपत्रांची अनुवादक, पुणे
घोळ इंग्रजी ‘इम्यून सिस्टीम’मधल्या ‘सिस्टीम’ या शब्दापाशी होतो. मुळात शरीराच्या यंत्रणेबद्दल बोलणं चाललेलं असतं, आपण सवयीने ‘प्रतिकारशक्ती’ लिहून मोकळे होतो. यंत्रणा जागी करता येते, आवरता येते, ती चुकूही शकते. शक्ती फक्त कमी-जास्त होते. एकदा माझं पत्रक उलट अनुवादाला गेलं आणि इंग्रजीत ‘इम्युनिटी बूस्टर’ होऊन परत आलं. तेव्हापासून मी ‘रोगप्रतिकारक यंत्रणेवर काम करणारे औषध’ लिहिते. जड आहे, पण खोटं नाही.

ट्रायल समन्वयक, सांगली
कागदावर ठीक आहे, तोंडी चालत नाही. मी सांगतो, “बैलाची वेसण सैल केली की तो नांगराला जोर लावतो, पण शेजारच्या पिकातही तोंड घालतो. घातलं की लगेच आम्हाला सांगायचं.” पुढचं मला बोलावंच लागत नाही. लोक स्वतःच विचारतात, “पीक म्हणजे माझं काय काय?”

रुग्णाची मुलगी, नाशिक
माझी आई शिक्षिका. वेसणीचं उदाहरण ऐकून ती रात्रभर झोपली नसती. तिला ‘ब्रेक’ लगेच कळला. तिचा खरा गोंधळ ‘चाचणी’ने केला. आयुष्यभर घटक चाचण्या तपासलेली बाई. दर वेळी डॉक्टरांना विचारायची, “माझ्या चाचणीत काय निघालं?” औषधाची चाचणी चालली आहे, तिची नाही, हे समजायला दोन महिने गेले.

मूळ प्रश्नकर्ती
अगदी खरं. रक्ताचीही चाचणी आणि औषधाचीही चाचणी! म्हणून मी ‘ट्रायल’ म्हणते आणि पुढे ‘या औषधाचा अभ्यास’ असं जोडते. कुणी “आमच्यावर प्रयोग करताय का?” विचारलं, तर तो शब्द झटकत नाही. हो म्हणते, मग कशासाठी, कुणाच्या परवानगीने आणि तुम्ही केव्हाही बाहेर कसे पडू शकता ते सांगते. (‘यादृच्छिक’ हा शब्द मात्र मी एकाही रुग्णाला कळलेला पाहिला नाही. ‘कोणता गट मिळेल ते संगणक ठरवतो, मी नाही’ एवढं पुरतं.)

पण काकांनी मला जास्त उपयोगी शब्द दिला, ‘गरम पडणं’. ‘दुष्परिणाम झाला का?’ विचारलं की उत्तर ‘नाही’. ‘काही गरम पडलं का?’ विचारलं की अंगावरचे चट्टे, तोंड येणं, पोट, सगळं बाहेर येतं. मग मोजायचं. रोज एकदा संडासला जाणारा माणूस पाच-सहा वेळा जायला लागला, तर ती आमच्या मोजपट्टीवर दुसरी पायरी. नेहमीपेक्षा सात किंवा त्याहून जास्त खेपा वाढल्या, तर तिसरी. तिथे मेडिकलमधून आणलेली जुलाब थांबवायची गोळी घेऊन घरी बसायचं नसतं, बहुतेकदा स्टेरॉइड लागतं. आणि हे शेवटच्या डोसनंतर काही महिन्यांनीही होऊ शकतं.

समन्वयक, सांगली
‘कमी डोस’चंही बघा. लोकांना वाटतं, पैसे नाहीत म्हणून अर्धवट औषध.

मूळ प्रश्नकर्ती
तिथे मी टाटा मेमोरियलचा अभ्यास सांगते. डोकं-मानेच्या बळावलेल्या कर्करोगात केमोच्या गोळ्यांसोबत निव्होलुमॅब, म्हणजे पीडी-१चा ब्रेक सोडवणारंच एक औषध, दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिलं. नेहमीच्या डोसचा हा लहानसा हिस्सा. वर्षानंतर हयात असण्याचं प्रमाण नुसत्या गोळ्यांच्या गटात १६.३ टक्के, निव्होलुमॅब जोडलेल्या गटात ४३.४ टक्के. ‘कमी मात्रा’ म्हटलं तर बरं पोचतं. मात्रा थोडीच असते आणि लागू पडते, हे भाषेतच आहे.

नव्या पत्रकासाठी एवढं लिहिलंय: ‘हे औषध ताकदीचे नाही. शरीराची राखण करणाऱ्या पेशींवरचा ब्रेक ते काढते. त्या पेशी चुकून तुमच्याच अवयवांना त्रास देऊ शकतात.’ पुढे ‘राखणदार पेशी’ म्हणायचा विचार आहे.

वाचक, कुडाळ
‘राखणदार’ नको, ताई. आमच्याकडे आणि गोव्यात राखणदार म्हणजे गावाची राखण करणारी देवता. राखणदाराने त्रास दिला म्हटलं, तर माणूस त्याचा कोप झाला समजून आधी गाऱ्हाणं घालायला जाईल, तुम्हाला फोन नंतर. ‘पहारेकरी’ म्हणा.

मूळ प्रश्नकर्ती
आमच्याकडे सिंधुदुर्गातून येणारे बरेच आहेत. ‘पहारेकरी’च लिहिते, आणि ‘राखण करणाऱ्या’च्या जागी ‘पहारा देणाऱ्या’.