मदत हवी आहे: हाडांचं इंजेक्शन चालू असताना दाढ काढणं

आईची खालची दाढ उभी चिरलीय, हिरडीतून पू येतो. काढायलाच हवी. पण ठिसूळ हाडांसाठी तिला वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक ॲसिड देतात. त्यानंतर दात काढला तर क्वचित जखम भरत नाही, जबड्याचं हाड उघडं पडतं. २००३ पासून हे माहीत आहे. कॅन्सरच्या रुग्णांना हेच औषध मोठ्या डोसात देतात, त्यांना धोका जास्त, आईसारख्यांना बराच कमी. तरी दातांचे डॉक्टर हात लावायला तयार नाहीत आणि हाडांचे म्हणतात, ‘बिनधास्त काढा!’ लेखी मात्र कोणीच देत नाही.

कोणी यातून गेलंय का? थेट ओरल सर्जनकडे जावं का? अँटिबायोटिक आधीपासून दिलं होतं का, टाके घातले का? पुढचं इंजेक्शन लांबवलं का? (हाडांची झीज किती वेगाने होतेय ते दाखवणारी सीटीएक्स रक्ततपासणीही सुचवलीय, पण तिच्यावर माझा फारसा भरवसा नाही.)