परीक्षा आता मंचावर आहे; आधी शिक्षिकांची तयारी कशी करून घेऊ?

कथक_त्रिमूर्तीनगर
नमस्कार. त्रिमूर्तीनगरात माझा कथकचा वर्ग आहे, 22 वर्षं झाली. माझ्याकडेच विशारद झालेल्या तिघी आता लहान मुलींना शिकवतात. आम्ही मुलींना ज्या परीक्षेला बसवतो, तिथे यंदा प्रस्तुतीची वेगळी परीक्षा सुरू होतेय. 10 मिनिटं सलग नाचायचं, मध्ये कोणी थांबवणार नाही, समोर प्रेक्षक, पढंत, म्हणजे नाचाचे बोल तोंडाने म्हणणं, तेही स्वतःच माइकवर करायचं.

आजवर परीक्षक म्हणायचे, झपतालातला तुकडा दाखव. मुलगी दाखवायची, थांबायची, पुढचा प्रश्न यायचा. थाट, आमद, तोडे, परण, गतनिकास हे कथकचे भाग, सगळं येतं, पण सुटं सुटं. एकातून दुसऱ्यात कसं जायचं, हे मी कधी शिकवलंच नाही. मागच्या रविवारी तिघींना म्हटलं, आधी तुम्हीच 10 मिनिटं करून दाखवा. चौथ्या-पाचव्या मिनिटाला तिघींनाही पुढे काय घ्यायचं ते सुचेना. एकीची सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, चुकली, तर ती थांबून माझ्याकडे बघायला लागली. लहानपणी बघायची अगदी तशीच. रात्रभर ते डोळ्यांसमोर होतं. चुकलं की हात वर करून थांबवायचं, ही माझीच पद्धत. आता त्याही त्यांच्या मुलींना तसंच थांबवतात.

परीक्षा दिवाळीनंतर आहे. या तिघींना कसं तयार करू?

तबला_महाल
ताई, मी कितीतरी वर्षांपासून कथकच्या वर्गांना साथ करून राहिलो, म्हणून सांगतो. 10 मिनिटांत तालाची आवर्तनं, म्हणजे पूर्ण फेरे, किती, हे पहिले त्यांना वहीत मांडायला लावा. मिनिटाला 60 मात्रांची लय ठेवली, तर तीनतालाचं एक आवर्तन 16 सेकंदांचं. म्हणजे सगळी मिळून 37च्या आसपास. लय 120 वर गेली की तेच आवर्तन 8 सेकंदांत संपते. थाटाला 6 आवर्तनं दिली तर दीड मिनिट गेलं, हे शिक्षिकेच्या अंगात असलं पाहिजे. पोरी घड्याळ पाहू शकत नाहीत ना.

दुसरं म्हणजे, लय मागायची सवय लावा. बहुतेक जणी मी जी लय देतो तीच घेतात, अन् मग चौगुनीत, म्हणजे चौपट लयीत, पाय अडकतात. टाळी देऊन, दोन बोल म्हणून, मला ही लय पाहिजे, असं तबल्याला सांगता आलं पाहिजे.

सम चुकली तर थांबायचं नाही. तत्कार, म्हणजे पायांचे साधे ठेके, धरायचा, लेहरा, म्हणजे तालाच्या फेऱ्यात फिरणारी सुरावट, ऐकायचा, खाली, म्हणजे नववी मात्रा, सापडू द्यायची. नवव्या मात्रेपासून 'तिगदा दिगदिग थेई' तीनदा घेतलं की शेवटचा थेई बरोबर समेवर येतो. 3 गुणिले 3, नऊ मात्रा, मध्ये दम, म्हणजे थांबा, नाही. ही एक तिहाई झोपेतही आली पाहिजे. सरावात मी मुद्दाम त्यांना चुकवीन, बोलवा मला.

आणि उन्हाळ्यात वर्गात कूलर चालू असला की लेहरा नीट ऐकूच येत नाही. पोरी नुसत्या मोजून नाचतात. ती खोड पुढे पावसाळ्यातही राहते.

भरतनाट्यम्_मानेवाडा
आमच्याकडे नट्टुवांगम स्वतंत्र शिकावं लागतं. हातात झांजा, तोंडात सोल्लुकट्टू, म्हणजे नाचाचे बोल, डोळे नाचणाऱ्या मुलीच्या पायांवर. ते शिकताना मला कळलं की माझं स्वतःचं तालाचं ज्ञान किती वरवरचं होतं. तुमच्या तिघींना दुसरीच्या नाचासाठी पढंत करायला बसवून बघा. स्वतः नाचताना झाकलं जाणारं तिथे उघडं पडतं.

निवृत्त_धंतोली
मी पुष्कळ वर्षं परीक्षक म्हणून फिरले. एकाच मुलीचं चित्रीकरण तिघींना वेगवेगळं बसून बघू द्या, गुण लिहू द्या, मग चौघींनी समोरासमोर बसा. एकीने पायांना गुण दिलेले असतील, एकीने चेहऱ्याला. अशी वादावादी झाली की त्या शिकवताना काय बघतात आणि काय त्यांच्या नजरेतून सुटतं, ते तुम्हाला समजेल. आणि रंगमंचाच्या लाकडी फळ्यांवर घुंगरू वेगळे वाजतात, फरशीवरच्यासारखे नाही. एखादा तास तरी मंच मिळवा.

कथक_त्रिमूर्तीनगर
सगळ्यांचे मनापासून आभार. तबलावाले दादा, तुम्हाला निरोप पाठवलाय, रविवारी सकाळी 7 वाजता या. तिघींना आवर्तनांच्या वह्या आणायला सांगितल्या आहेत. धंतोलीच्या ताई, चित्रीकरण मी माझंच करून घेतेय. मंचावर सलग नाचून मला 9 वर्षं झाली, म्हणून पहिली 10 मिनिटं मी करणार आणि गुण त्या तिघी देणार. त्यांना तसं सांगितलं तर एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. काल रात्री बसून आवर्तनं मांडली, थाटाला 6 आणि आमदेला 4 इथपर्यंत जमलं. गतभावाला, म्हणजे अभिनयातून गोष्ट सांगण्याला, किती ठेवू, तिथे अडकले आहे.

तबला_महाल
गतभाव मोजू नका ताई. बाकीचं सारं मांडा अन् उरलेली आवर्तनं त्याला द्या. रविवारी तबला घेऊन येतो.