हॅगर्ड, बेट, टर्सेल: ससाण्याच्या शिकारीतल्या इंग्रजी शब्दांचा नेमका अर्थ काय?

वैशाली_सोलापूर
नमस्कार. मी सोलापुरात बी.ए.च्या मुलांना इंग्रजी शिकवते. शेक्सपिअरच्या 'टेमिंग ऑफ द श्रू'मध्ये पेट्रुकिओ आपल्या नव्या, हट्टी बायकोबद्दल, केटबद्दल, ससाण्याच्या भाषेत बोलतो. हॅगर्ड, बेट, लुअर, स्टूप असे शब्द धडाधड येतात. तळटीपेत प्रत्येकाला एकेक ओळ आहे, पण मुलं विचारतात, "मॅडम, म्हणजे पक्षी नक्की करतो काय?" ते मला डोळ्यांसमोर उभं करता येत नाही. पक्षी जवळून बघितलेलं कुणी सांगेल का? शिकारी कुत्र्यांचे शब्दही हवे आहेत.

माळरानी
वैशालीताई, मी नान्नजच्या माळावर शिकारी पक्षी बघत फिरतो. ससाणा पकडून पाळणं आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे आणि ते बंदच राहावं. पण हे शब्द मला फार प्रिय आहेत. ज्यांनी ते घडवले त्यांनी पक्षी तासन्‌तास हातावर घेऊन न्याहाळला होता.

पक्षी कुठल्या वयात हाती लागला यावरून त्याचं नाव बदलतं. घरट्यातून उचललेलं पिल्लू म्हणजे आयस. पहिल्या वर्षात, स्थलांतराच्या वाटेवर धरलेला तो पॅसेजर. मोठ्या पक्ष्याची पिसं आलेला, रानात स्वतःच्या जिवावर जगलेला तो हॅगर्ड. आयस माणसाला लवकर सरावतो, पण शिकार त्याला शिकवावी लागते. हॅगर्ड शिकारीत मुरलेला, माणसाळायला मात्र महाकठीण. केटला हॅगर्ड म्हटलंय ते म्हणून.

तिथे 'वॉच'ही आहे बघा. त्याचा अर्थ इथे जागवणं. पक्ष्याला रात्रभर झोपू द्यायचं नाही, थकून तो मुठीवर गप्प बसेपर्यंत. आणि पेट्रुकिओ केटला खाऊ देत नाही, झोपूही देत नाही. हे वर्गात स्पष्ट सांगा, प्रसंगातला क्रूरपणा मुलांना कळलाच पाहिजे.

बेट: पक्ष्याच्या पायांत चामड्याच्या वाद्या असतात, त्या जेसेस. बिथरला की तो मुठीवरून झेप घेतो, वाद्यांना हिसका बसतो आणि उलटा लोंबकळत पंख फडफडवतो. लुअर म्हणजे दोरीला बांधलेलं पिसांचं आमिष, ते गरगर फिरवून पक्ष्याला परत बोलावतात. पोट भरलेला पक्षी त्याकडे ढुंकूनही बघत नाही. स्टूप म्हणजे उंचावरून पंख मिटून मारलेला सूर.

मँटल बघायला लांब जायला नको. सिद्धेश्वर तलावाकडच्या झाडांवर शिक्रा दिसतो. सरडा धरला की तो त्याच्यावर उभा राहतो, दोन्ही पंख बाजूंना उतरवतो, शेपूट जमिनीला टेकवून पसरतो आणि भक्ष्य झाकून टाकतो. वर कावळा ओरडला की पंख आणखी खाली. पिवळे डोळे तेवढे वर रोखलेले. या एवढ्या क्रियेला इंग्रजीत एक स्वतंत्र शब्द आहे, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

टर्सेल म्हणजे नर. बाजदारांच्या इंग्रजीत फाल्कन ही फक्त मादी. नर तिच्यापेक्षा साधारण एक तृतीयांशाने लहान, त्यावरूनच ते नाव आलं असं मानतात. आपल्याकडच्या बाजदारांनीही हा फरक ओळखला होता: बाज जातीत मादी बाज, नर जुर्रा; लग्गर या ससाण्यात मादी लग्गर, नर जग्गर.

कारवानी_मंगळवेढा
कुत्र्यांचं मी सांगतो, मॅडम. आमच्याकडं कारवानी असतो, तो नजरेनं पळणारा. विलायतेतला फॉक्सहाउंड वासावर चालतो, त्यामुळं त्याचे बरेच शब्द मागाचेच. माग लागला आणि कुत्री आवाज करायला लागली की 'गिव्हिंग टंग'. माग तुटला की 'अ‍ॅट फॉल्ट'. मागं फिरून तो परत हुडकणं म्हणजे 'हार्क बॅक'. मोजणी जोडीनं: साडेसतरा कपल म्हणजे पस्तीस कुत्री. पण ग्रेहाउंड तीन असले तर एक लीश. कोल्ह्याचं शेपूट ब्रश, तोंड मास्क.

चाबूक घेऊन भरकटलेली कुत्री कळपात आणणारा गडी म्हणजे व्हिपर-इन. त्याच्यावरून ब्रिटिश संसदेत व्हिप आला, तिथून आपल्याकडं. विधानसभेतला प्रतोद तो हाच. मुलांना हे लगेच कळंल. कुत्र्यांनी कोल्हा मारायची शिकार इंग्लंड-वेल्समध्ये फेब्रुवारी 2005 पासून बंद आहे.

वैशाली_सोलापूर
दोघांचेही मनापासून आभार. उद्याच्या तासाला हेच घेते. लंडनच्या रॉयल म्यूजचा ससाण्याशी काही संबंध आहे का? तिथे तर राजघराण्याचे घोडे असतात.

माळरानी
आहे ना, ताई. पक्षी पिसं टाकतो त्याला म्यू करणं म्हणतात. त्या काळात त्याला जिथे ठेवायचे ती जागा म्यूज. चेरिंग क्रॉसला 1377 पासून राजाचे ससाणे असायचे. 1534 मध्ये ती इमारत जळाली, आठव्या हेन्रीच्या काळात. पुन्हा बांधली ती घोड्यांसाठी, पण नाव तेच राहिलं. पुढे लंडनमध्ये तबेल्यांच्या गल्ल्यांनाही म्यूज म्हणू लागले आणि आज तिथे लोक राहतात.